साडेतेरा हजारांचा हिशोब

वाचक भगिनीचे पत्र: मी नाशिकच्या सातपूरला राहते आणि एका पॅकिंगच्या युनिटमध्ये कामाला आहे. यजमान स्वतःचा छोटा टेम्पो चालवतात. मुलाला दहावीला ५२ टक्के पडले, अकरावीला त्याने कॉलेजला जाणे मध्येच सोडले आणि अठरा पूर्ण झाल्यावर तो ठेकेदारामार्फत अंबडच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. महिन्याला साडेतेरा हजार हातात येतात. यजमानांचे म्हणणे असे की, त्याच्या चुलतभावाने इंजिनिअरिंगवर पाच लाख घालवले आणि आज तो पंधरा हजारांवर आहे. मग दीड हजारासाठी पाच लाख कोणी घालवायचे? मुलगी नववीत आहे, अभ्यासात बरी आहे, पण तिलाही दहावीनंतर थांबवू, असे ते बोलू लागले आहेत. मला त्यांचे पटत नाही, मात्र त्यांचा हिशोब चुकला आहे असे म्हणायला मला स्वतःला तो मांडता येत नाही. तुम्ही मांडून द्याल का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या यजमानांची वजाबाकी चुकलेली नाही, हे आधी मान्य करतो. पंधरातून साडेतेरा गेले की दीडच उरतात. त्यांनी ताळेबंद मात्र पहिल्याच पानावर मिटला आहे. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये ३१ वर्षे हजेरी आणि पगार सांभाळला, त्यामुळे एकाच दिवशी कामावर लागलेल्या दोन मुलांचे पगार पाच, दहा आणि वीस वर्षांनी कुठे असतात, हे मी रजिस्टरमध्ये पाहिलेले आहे. अपुऱ्या शिक्षणाची किंमत कोणी एकरकमी मागत नाही. ती हप्त्याने वसूल होते, आणि सुरुवातीचे काही हप्ते तर उलट आपल्यालाच मिळाल्यासारखे वाटतात. तुमच्या घरात येणारे साडेतेरा हजार हे तसेच आहेत.

आता आकडे मांडू. मुलाने नोकरी सोडून दोन वर्षांचा आयटीआयचा अभ्यासक्रम केला, तर २४ महिन्यांचे ३ लाख २४ हजार रुपये बुडतील. फी, वह्या, गणवेश, जाणे-येणे धरून आणखी २६ हजार म्हणा. म्हणजे एकूण खर्च साडेतीन लाख. हा खर्च खरा आहे, आणि शिक्षणाचे गोडवे गाणारी माणसे तो लपवतात म्हणून तुमच्या यजमानांसारख्या कष्टकऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास बसत नाही. दुसऱ्या बाजूला, शिकलेल्या मुलाला हेल्परपेक्षा महिन्याला सरासरी पाच हजार जास्त मिळतील असे धरू. हा फरक माझा अंदाज आहे आणि तो मी मुद्दाम हात राखून धरला आहे. वर्षाला ६० हजार, म्हणजे साडेतीन लाख जेमतेम सहा वर्षांत भरून निघतात. तेव्हा मुलगा २६ वर्षांचा असेल. तिथून अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत ३२ वर्षे राहतात, आणि फरक एका रुपयानेही वाढला नाही तरी त्या ३२ वर्षांचे १९ लाख २० हजार होतात. बँकवाले म्हणतील, व्याज कुठे धरले? सात-आठ टक्क्यांनी धरा. सहाऐवजी आठ वर्षे लागतील, बाकी चित्र तेच राहील. शिवाय आज येणाऱ्या साडेतेरा हजारांतले किती शिल्लक पडतात आणि किती मोबाइलच्या व गाडीच्या हप्त्यात जातात, हे तुम्हीच जाणता.

पण हा फरक पाच हजारांवर थांबत नाही, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते. मशिनशॉपमध्ये हेल्पर जॉब, म्हणजे घडवायचा नग, मशिनवर चढवतो आणि उतरवतो. ऑपरेटर मशिन चालवतो. सेटर नव्या जॉबसाठी मशिन लावून देतो. या तिघांत घामाचा फरक फारसा नसतो. ड्रॉइंग वाचता येणे, वर्नियर या बारीक मापाच्या साधनावर माप घेता येणे आणि दशांश चिन्हाचा अर्थ कळणे, एवढ्यावर हेल्पर तिथेच राहतो आणि दुसरा पुढे सरकतो. हेल्परचा पगार त्याच्या अंगातल्या ताकदीला असतो, आणि ताकद पस्तिशीनंतर उतरत जाते. आमच्याकडे बावीस वर्षे हेल्पर म्हणून काढलेला एक माणूस त्रेचाळिसाव्या वर्षी कमरेच्या दुखण्याने घरी बसला. त्याच्याच बरोबर लागलेला, आयटीआयचा टर्नर (लेथवर काम करणारा) झालेला दुसरा त्या वर्षी सेटर होता, आणि कंबर त्याचीही दुखत होती. पण त्याचे काम कमरेचे राहिले नव्हते. पहिल्या पगारात या दोघांत फरक होता फक्त ३०० रुपयांचा. पगाराचे पाकीट मीच दिले होते म्हणून लक्षात आहे.

यापेक्षा बारीक, पण रोजची गळती पगारचिठ्ठीत असते. जादा तासांना दुप्पट दराने पैसे मिळावेत असा कायदा आहे. ठेकेदारांकडे सर्रास ‘सिंगल ओटी’, म्हणजे जादा तासांनाही साधाच दर, चालतो, आणि ज्याला तासाचा दर काढता येत नाही त्याला आपण किती सोडून दिले हे कळतही नाही. भविष्यनिर्वाह निधीसाठी पगारातून १२ टक्के कापले जातात आणि मालकालाही तेवढेच भरावे लागतात. ठेकेदार बदलला की नवा खाते क्रमांक, जुना कुठे लिहिलेला नाही, एका कागदावर नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे, जन्मतारखेत वर्षाचा फरक. अशी माणसे स्वतःच्याच पैशासाठी माझ्या टेबलापुढे तासन्‌तास उभी राहिलेली मी पाहिली आहेत. त्यांतल्या काहींनी कंटाळून ते पैसे सोडून दिले. कमी शिकलेल्याला कमी पगार मिळतो हे सगळे जाणतात. मिळालेल्या पगारातलेही पुरते त्याच्या पदरात पडत नाही, हे कोणाच्या हिशोबात येत नाही.

आता त्या चुलतभावाकडे वळू, कारण यजमानांचा सारा भर त्याच्यावर आहे. माझ्या मते तो शिक्षणाच्या विरोधातला पुरावा ठरत नाही. तोही अपुऱ्या शिक्षणाचाच बळी आहे. अपुरे शिक्षण म्हणजे केवळ शाळा सुटणे, असे आपण धरून चालतो. वर्गात बसून, परीक्षा देऊन, पदवी घेऊनही जे शिकायचे ते शिकलेच गेले नाही, तर तेही अपुरेच, आणि ते जास्त महाग पडते. कारण त्यात फीही गेली आणि वर्षेही गेली. मुलांना काय येते हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींपैकी साधारण चौथ्या हिश्शाला आपल्याच भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सहज वाचता आला नाही, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित निम्म्याहून अधिक मुलांना जमले नाही. ही मुले शाळेच्या पटावर नव्हती असे नाही. बहुतेकांची नावे कुठल्या ना कुठल्या वर्गात होतीच. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी अनेक देशांच्या आकडेवारीवरून काढलेल्या अनुमानानुसार शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे कमाई सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास वाढते. पण सरासरी म्हणजे सरासरी. कोणत्या वर्षात काय हाताला लागले, यावर ती खाली-वर होते, आणि पाच लाख घेऊन चार वर्षांनी कागद देणाऱ्या महाविद्यालयाची जबाबदारी ती घेत नाही. चुलतभावाचा अनुभव ‘शिकवू नका’ असे सांगत नाही, ‘पाहून शिकवा’ असे सांगतो. मात्र त्याचा पंधरा हजार हा पहिला पगार आहे, एवढे यजमानांच्या लक्षात आणून द्या. तो पाच वर्षांनी कुठे असेल हे आज मलाही सांगता येणार नाही. पण त्याच्यापुढे चढायला पायऱ्या आहेत.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा हिशोब पुरा होत नाही. हा तोटा तुमच्या घरापुरता राहत नाही. एकदा आमच्याकडे रात्रपाळीला ऑपरेटर आला नाही म्हणून एका हुशार, कष्टाळू हेल्परला मशिनवर उभे केले. मापात शून्य दशांश शून्य दोन मिलिमीटरची दुरुस्ती द्यायची होती. त्याने शून्य दशांश दोन दिली. त्याच्या लेखी एका शून्याने काय बिघडणार होते? सकाळी तपासनीस आला तेव्हा ३४० नग भंगारात गेले होते. माल गेला, मशिनचे तास गेले, वीज गेली, पुण्याच्या ग्राहकाची गाडी रिकामी परतली. चूक त्याला मशिनवर उभे करणाऱ्याचीही होती. घरी मात्र तो एकटाच गेला. त्या रात्री जे बुडाले त्यात कारखान्याचा नफा होता, ठेकेदाराचे कंत्राट होते, सरकारला मिळणारा कर होता आणि त्या मुलाच्या घरचा किराणाही होता. दशांश अपूर्णांक पाचवी-सहावीत शिकवतात. तिथे कोणीतरी त्याला पुढच्या वर्गात ढकलून दिले होते, आणि त्या ढकलण्याचे बिल पंधरा वर्षांनी अंबडमध्ये फाटले.

असेच बिल द्राक्षबागांतही फाटते. पेठ आणि सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या बागांवर छाटणी-विरळणीला येणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामभर शाळेबाहेर राहतात आणि परत गेल्यावर वर्ग पुढे निघून गेलेला असतो. उद्या हीच मुले फवारणीला उभी राहतील तेव्हा डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा आणि हिरवा सर्वांत सौम्य, हे त्यांना कोणी तोंडी सांगितले तरच कळणार. निर्यातीच्या बागेत कोणते औषध कोणत्या तारखेला किती मारले याची नोंद ठेवावी लागते, आणि ती नोंद ठेवू शकणाऱ्या माणसाला बागायतदार बोलावून जास्त रोज देतो. ज्याला ती ठेवता येत नाही तो जन्मभर पाठीवर पंपच घेणार, आणि औषध अंगावर उडून आजारी पडला तर सरकारी दवाखान्याचा खर्च तुम्ही-आम्ही भरणार.

संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेने २०२४ मध्ये असा अंदाज मांडला की, मुले शाळा सोडतात आणि शाळेत असूनही मूलभूत गोष्टी शिकत नाहीत, यापायी २०३० पर्यंत जगाचे वर्षाला १० लाख कोटी डॉलरचे नुकसान होऊ लागेल. एवढा आकडा डोक्यात मावत नाही. मला तो ३४० नगांच्या ढिगावरून कळतो. हा विचार आपल्याकडे नवाही नाही. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी पैशाचाच मुद्दा मांडला होता: सरकारचा महसूल रयतेच्या कष्टातून उभा राहतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, तेव्हा निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी, म्हणजे १२८ वर्षांनी. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, ही १९६४ ते ६६ या काळातल्या कोठारी आयोगाची शिफारस अजूनही शिफारसच आहे. आणि तो हक्काचा कायदा आठवीपाशी थांबतो, हे तुमच्या घराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मुलाची गाडी त्याच्या पुढच्याच वळणावर घसरली आणि मुलगी आता त्याच वळणावर आली आहे. तिथून पुढचे निर्णय सरकार घेत नाही, घरातली माणसे घेतात, आणि ती बहुधा पैशाच्या ओढाताणीत घेतात.

मुलीचा हिशोब मुलापेक्षा सोपा आहे, म्हणून तिच्याबाबत मी आडपडदा न ठेवता लिहितो: तिला थांबवू नका. मुलगा शिकायला गेला तर पगार बुडतो; दहावीनंतर मुलगी घरी बसली तर कोणता पगार येणार आहे? म्हणजे तिच्या शिक्षणाचा खर्च कमी, आणि न शिकवण्याचा तोटा जास्त. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालाने मुलींना बारावीपर्यंत न शिकवण्यापायी जगाने गमावलेली आयुष्यभराची कमाई १५ ते ३० लाख कोटी डॉलर इतकी काढली होती. माध्यमिक शिक्षण झालेल्या स्त्रिया अजिबात न शिकलेल्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट कमावतात, असेही त्यात नोंदवले आहे. घरी बसलेल्या मुलीचे पुढे काय होते, हे तुम्हाला आकड्यांनी सांगायला नको. तरी सांगतो: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. फीची धास्ती असेल तर हेही माहीत असू द्या की, २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले आहे. प्रवेश मात्र केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घेतलेला असावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना वेगळ्या आहेत. तिच्या शाळेतल्या वर्गशिक्षकांकडे एकदा जाऊन हे समजून घ्या, आणि जाताना यजमानांना बरोबर न्या.

त्यांच्याशी बोलताना माझे आकडे तोंडावर फेकू नका. ते टेम्पो चालवतात. ऑइल बदलण्याचे पैसे वाचवले तर सहा महिने काहीच होत नाही आणि मग एके दिवशी घाटात इंजिन बसते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. त्या भाषेत बोललात तर ते ऐकतील.

मुलाची नोकरी उद्याच सोडवा, असे मी म्हणणार नाही, कारण त्याचे साडेतेरा हजार एव्हाना तुमच्या महिन्याच्या खर्चात मिसळले असतील. घर त्याच्याविना दोन वर्षे चालत असेल, थोडी ओढाताण होऊन का होईना, तर मी सातपूरच्या सरकारी आयटीआयलाच पहिली पसंती देईन. फिटर, टर्नर, मशिनिस्ट किंवा इलेक्ट्रिशियन यांपैकी जे मिळेल ते घ्यावे. दहावी उत्तीर्ण असल्याने त्याला अडचण नाही, आणि कारखान्याचे तोंड पाहिलेले असल्याने तो तिथे इतरांपेक्षा लवकर शिकेल. पुढे १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवार म्हणून लागला की विद्यावेतन सुरू होते, म्हणजे हात अगदी रिकामा राहत नाही. घर चालतच नसेल, तर नोकरी ठेवून १७ नंबरचा अर्ज भरून बारावीला बाहेरून बसता येते, आणि बारावी झाल्यावर आपल्याच नाशिकचे, १९८९ पासून चालू असलेले यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पण हा दुसऱ्या पसंतीचा मार्ग आहे, हे स्पष्ट सांगतो. बारा तासांची पाळी करून आलेल्या मुलाच्या हातातले पुस्तक रात्री नवाला गळून पडते. मुक्त शिक्षणाने शिकून वर आलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि मध्येच सोडलेली त्याहून जास्त पाहिली आहेत. या मार्गाने गेलाच तर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या एखाद्या ऑपरेटरकडून त्याने ड्रॉइंग आणि वर्नियर तरी शिकून घ्यावे. त्याला परीक्षा लागत नाही आणि मशिनशॉपमध्ये त्याचे पैसे होतात.

यंदाचे प्रवेश सुरू होण्याआधी एक काम करा. मुलाच्या मागच्या तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या मागवून घ्या आणि रात्री जेवणे झाल्यावर त्या नववीतल्या मुलीच्या हाती द्या. तासाचा दर किती, ओटीचे तास किती, त्याचे पैसे कोणत्या दराने लागले, भविष्यनिर्वाह निधी किती कापला, हे तिने वहीत काढावे आणि वडिलांसमोर मोठ्याने वाचावे. ठेकेदार चिठ्ठीच देत नसेल, तर तेही तिने वहीत लिहावे. आणि अर्ज आयटीआयचा भरा की १७ नंबरचा, मुलाचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसे आहे अगदी तसेच त्यात लिहा. आधार कार्डावर वेगळे असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या.